मोगऱ्याच्या कुंडीतलं दूध

प्रश्न: ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे, यंदा पहिलीत गेली. एरवी जेवायला बरी आहे, पण दुधाचं नाव काढलं की तोंड फिरवते. आम्ही कोल्हापूरचे. घरात गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध येतं आणि सासूबाई रोज सकाळी फुलपात्र भरून तिच्यापुढे ठेवतात. रिक्षा येईपर्यंत वीस मिनिटं आमच्याकडे हाच तमाशा. आधी लाडीगोडी, मग दरडावणं, शेवटी रडारड. चॉकलेटची पावडर झाली, वेलची-केशर झालं, मोबाईल दाखवून झाला. गेल्या आठवड्यात गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीतून आंबूस वास यायला लागला, तेव्हा कळलं की बाईसाहेब महिनाभर दूध तिथे ओतत होत्या. सासूबाईंनी तिच्या नखांवरचे पांढरे ठिपके दाखवले आणि म्हणाल्या, ‘बघ, कॅल्शियम कमी पडलंय.’ रात्री ती पाय दुखतात असंही म्हणते. मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणून ठेवलंय, अजून सुरू केलं नाही. कुणी म्हणतं गव्हाएवढा चुना ताकातून द्या. मी काय करू? – एक आई, कोल्हापूर

उत्तर: मोगऱ्याचं वाचलं आणि मला आमच्या घरची मोरी आठवली. आमच्याकडे कुंड्या नव्हत्या, म्हणून माझं दूध मोरीत जायचं. आईला पत्ता लागू नये म्हणून वर तांब्याभर पाणी ओतायचं इतकी अक्कल मला होती, ती तुमच्या लेकीला अजून आलेली नाही एवढंच. ओठाला चिकटणारी ती साय आजही माझ्या अंगावर काटा आणते. हाडं मात्र शाबूत आहेत, आणि आहारतज्ज्ञ म्हणून वीस-बावीस वर्षं इतरांच्या मुलांची जेवणं दुरुस्त करते आहे.

तेव्हा पहिलं काम: उद्यापासून ते फुलपात्र बंद. निदान पंधरा दिवस घरात दूध हा विषयच काढायचा नाही. विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, शेजारच्या मुलाचं उदाहरण द्यायचं नाही. मुलं जबरदस्तीने भरवलेल्या पदार्थाचा तिटकारा मोठेपणीही विसरत नाहीत. आणि सकाळी उठल्या उठल्या, अर्धवट झोपेत, रिक्षाचा हॉर्न कानावर असताना गरम, साईचं, गोड दूध रिकाम्या पोटी घटाघटा प्यायचं, हे तुम्हाला तरी जमेल का? मला नाही जमणार.

आता हिशेबाकडे येते, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे. आपल्या देशाच्या पोषणसंस्थेने, म्हणजे हैदराबादच्या एनआयएनने, २०२० साली जे आकडे दिले त्यानुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. सात ते नऊला ६५०, दहा ते बाराला ८५०, आणि तेरा वर्षांपुढे साधारण हजार. दोनशे मिली दुधात साधारण २४० मिलिग्रॅम असतं. म्हणजे सासूबाईंचं फुलपात्र तिने आनंदाने रिकामं केलं असतं तरी अर्ध्याहून जास्त कॅल्शियम ताटातूनच यायचं होतं. दूध ही सोयीची गोष्ट आहे, त्यातलं कॅल्शियम अंगी लागतंही छान, पण दिवसभराच्या जमाखर्चात ती एक नोंद आहे. ती नोंद दुसऱ्या रकान्यात घालता येते.

त्याआधी एक चौकशी. ती आइस्क्रीम खाते का? नरसोबाच्या वाडीला गेलात की बासुंदी खाते का? दही-भात, ताक, पेढा? आणि हे खाल्ल्यावर पोट दुखणं, गॅस, जुलाब असं काही होतं का? ती हे सगळं मजेत खात असेल आणि नंतर उड्या मारत असेल, तर तिचं भांडण दुधाच्या वासाशी आणि साईशी आहे, पोटाशी नाही. म्हशीच्या दुधाला साय जाड येते, वासही जास्त येतो. दूध-बासुंदीनंतर पोट बिघडत असेल, तर दुधातली साखर पचत नसण्याची शक्यता आहे. अशा मुलांना विरजलेलं दही बहुतेक वेळा सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी त्या साखरेचा बराच फडशा पाडलेला असतो. दूध किंवा दही पोटात गेल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, उलट्या होत असतील, तर मात्र ती दुधाची ॲलर्जी असू शकते. तिथे घरचे प्रयोग नकोत, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुढचं सगळं मी ती दही खाते असं धरून लिहिते आहे.

दही खात असेल तर निम्मी लढाई इथेच संपते. दुधाचं दही झालं म्हणून त्यातलं कॅल्शियम कुठे जात नाही. दीडशे ग्रॅमची वाटी दही म्हणजे १८० मिलिग्रॅमच्या आसपास. घरी विरजलेलं, घट्ट, फार आंबट न झालेलं दही दुपारी भाताबरोबर द्या, नाहीतर संध्याकाळी त्यात डाळिंबाचे दाणे घाला. ताक चालेल, पण वाटीभर दह्याचं तांब्याभर पाणी करून त्यातला एक पेला दिला, तर त्यात कॅल्शियम तरी किती उरणार? आणि तुमच्या घरी श्रीखंड होत असेलच म्हणून सांगते, चक्का टांगल्यावर खाली जे पिवळसर पाणी गळतं त्यात बरंच कॅल्शियम निघून जातं. ते ओतून देऊ नका, त्यात कणीक भिजवा. पोळ्या मऊ होतात आणि कुणाला कळतही नाही.

आता नाचणी. तुमच्या गगनबावडा-राधानगरीकडचं हे हक्काचं धान्य, आणि शहरात आलं की आपण तिला आजाऱ्याची पेज करून टाकलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गहू-तांदूळ तिच्या जवळपासही येत नाहीत. एक खोच मात्र आहे. हे कॅल्शियम बरंचसं सालात, कोंड्यात असतं. त्यामुळे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जे पांढरं शुभ्र ‘सत्त्व’ आपण बाळांसाठी काढतो, त्यात पचायला हलका स्टार्च येतो आणि कॅल्शियमचा मोठा वाटा चोथ्याबरोबर जातो. सहा वर्षांच्या मुलीला सत्त्वाची गरज नाही. नाचणी भिजवा, मोड आणा, सावलीत वाळवा, दळून आणा आणि पीठ चाळू नका. मोड आणल्यामुळे धान्यातली कॅल्शियम अडवून ठेवणारी द्रव्यं कमी होतात. त्या पिठाची भाकरी, घावन, थालीपीठ, काहीही. नाचणीच्या नावाने मिळणारी बिस्किटं घेणार असाल तर पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं असेल तर ते नाचणीचं बिस्किट नव्हे.

पण माझा खरा भरवसा आंबिलीवर आहे. आंबील यात्रा भरणाऱ्या गावात मी आंबिलीचं कौतुक सांगायचं म्हणजे जरा आगाऊपणाच, तरी सांगते. रात्री दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ थोड्या ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी त्याला बारीक बुडबुडे आलेले दिसतात, हलका आंबूस वास येतो. दोन पेले पाणी उकळायचं, त्यात हे मिश्रण धार धरून सोडायचं आणि हात न थांबवता ढवळायचं, नाहीतर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. रंग गडद होऊन चमक आली की झालं. गार झाल्यावर अर्धी वाटी दही घुसळून त्यात घालायचं, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मुलीला आवडत असेल तर ठेचलेली लसणाची एक पाकळी, वर कोथिंबीर. आंबवल्यामुळे नाचणीतलं कॅल्शियम जास्त मोकळं होतं, वर दह्याचं आहेच. एवढ्यात दीडशे मिलिग्रॅमपर्यंत सहज जातं. सगळी तिच्याच पोटात गेली पाहिजे असं नाही, पण निम्मी गेली तरी हातपाय न आपटता गेलेली असेल.

ही आंबील सासूबाईंना करायला सांगा. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नातीच्या पोटात आपल्या हातचं काहीतरी पौष्टिक जावं एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि आत्तापर्यंत त्यांच्यापाशी त्यासाठी एक फुलपात्रच होतं. ते नुसतं काढून घेतलंत तर त्यांना वाटणार, सुनेने पेपरातलं वाचलं आणि आपल्याला मोडीत काढलं. ‘आई, आंबील तुमच्यासारखी मला जमत नाही, गुठळ्या होतात’ एवढं म्हणा. खोटंही नसेल.

तिळाकडे येते. न सोललेल्या शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम तीळ कुणी खात नाही हे खरं, पण दहा ग्रॅम, म्हणजे दोन-तीन छोटे चमचे कूट, कुठेही खपतो. इथेही खोच सालाचीच. बाजारात मिळणारे चकचकीत पांढरे, एकसारखे तीळ सोललेले असतात आणि साल गेलं की कॅल्शियमही बरंचसं गेलं. थोडे मळकट, करडट दिसणारे बिनपॉलिशचे तीळ मागा. भाजा आणि कुटा. अख्खे तीळ मुलं चावत नाहीत, जसेच्या तसे बाहेर टाकतात. तिळाची सुकी चटणी तूप-पोळीच्या गुंडाळीत, कूट कोशिंबिरीत, भोगीच्या भाकरीवर आपण थापतो तसे तीळ रोजच्या भाकरीवर. संक्रांतीची वाट कशाला बघायची? तुमच्या पांढऱ्या रश्शात तीळ आणि खसखस वाटून घालतात, म्हणजे तोही या बाबतीत कामाचाच आहे. फक्त सासूबाईंना हे सांगताना रश्शाच्या हाडांना श्रेय देऊ नका. हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम उतरतं असा समज फार आहे, प्रत्यक्षात अगदी थोडं उतरतं. मासळी खात असाल तर सुकट-जवळा मात्र सालासकट चावून खाल्ला जातो, म्हणून तो उपयोगाचा. खारवलेला असेल तर दोन-तीनदा धुऊन घ्या, कारण मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त वाहून जातं.

भाज्यांत पालकाची कीर्ती मोठी, पण त्यातलं कॅल्शियम ऑक्सलेटला घट्ट बांधलेलं असतं. दुधातल्या कॅल्शियमपैकी तिसरा हिस्सा अंगी लागतो, तर पालकातलं शंभरात पाचच्या आसपास. राजगिऱ्याच्या पाल्याचीही तीच गत. त्या भाज्या इतर गुणांसाठी जरूर करा, कॅल्शियमच्या खात्यात धरू नका. मेथी, मुळ्याचा पाला धरा. शेवग्याचा पाला थालीपिठात घातला तर मुलीला ओळखूही येणार नाही. कडधान्यांत हुलगा सगळ्यांत वरचढ. सहा वर्षांच्या मुलीला हुलग्याचं माडगं आवडेलच असं नाही, पण शेंगोळ्या करून बघा. त्या वळायला तिलाच बसवा. स्वतः वळलेली वाकडीतिकडी शेंगोळी ताटात शोधून खाण्यात जी मजा असते ती आपल्या आग्रहात नसते.

आता एका दिवसाची बेरीज करू. दह्याची एक वाटी १८०. चाळीस ग्रॅम पिठाची एक छोटी नाचणीची भाकरी किंवा दोन घावनं, १४०. तिळाचा कूट दहा ग्रॅम, १००. हुलग्याची आमटी-शेंगोळी, कोरडं धान्य तीस ग्रॅम धरून, ८०. झाले ५००. पोळी, वरण, भाजी, फळं यांतून उरलेले पन्नास आणि वर थोडे येतातच. दुधाचा एक थेंब नाही. रोज असं तंतोतंत जमणार नाही, लग्नाच्या दिवशी जिलेबीच खाल्ली जाईल. आठवड्याचा मेळ बसला की पुरे. वजनकाटा घेऊन बसू नका.

चॉकलेटच्या पावडरीबद्दल माझं मत वाईट आहे. त्यातल्या कित्येकांत सगळ्यांत जास्त काय असेल तर साखर. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितली, कारण आपल्या अन्नकायद्यात तशी व्याख्याच नाही. कधीमधी चव म्हणून एक चमचा घातला तर आकाश कोसळत नाही, पण पौष्टिक म्हणून घालू नका.

चुना नको. अजिबात नको. विड्याच्या पानाला लावतात तो चुना दाहक असतो, गव्हाएवढा म्हणता म्हणता हात सैल पडतो, आणि लहान मुलीच्या तोंडाची-अन्ननलिकेची आतली त्वचा कोवळी असते. हा संदेश मोबाईलवर फिरत फिरत माझ्याकडेही दर दोन महिन्यांनी येतो.

सिरपची बाटली तशीच राहू द्या. ताटातून भागत असेल तर त्याची गरज नाही. पुढे कधी डॉक्टरांनी दिलंच, तर बाटलीवरचा आकडा नीट वाचायचा. कॅल्शियम कार्बोनेट ६२५ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम २५० असतं. ते जेवणाबरोबर द्यायचं आणि लोहाचं औषध चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी तर कुणाच्या सांगण्यावरून द्यायची नाही. ती जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम नको तितकं वाढतं.

‘ड’ जीवनसत्त्व मात्र हवंच, त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून पुरेसं शोषलंच जात नाही. ‘सकाळचं कोवळं ऊन’ आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, पण ज्या किरणांनी त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होतं ते कोवळ्या उन्हात फारच कमी असतात. साधारण दहा-अकरा ते तीनच्या दरम्यानचं ऊन कामाचं. रविवारी अकरा वाजता हातपाय उघडे ठेवून तिला अंगणात दोरीच्या उड्या मारू द्या, वीस-पंचवीस मिनिटं. मे महिन्यात वेळ कमी करा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी चालत नाही. उड्यांचा तर दुहेरी फायदा, आदळआपट झाल्याने हाडं मजबूत होतात.

नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमचे नसतात. नखाच्या मुळाशी कधीतरी दार लागलेलं असतं, टेबलाची कड लागलेली असते, ते नख वाढत पुढे आलं की ठिपका दिसतो. नखाबरोबर तो कापलाही जाईल. पण तुम्ही न लिहिलेलं एक विचारते: ती पाटीवरची पेन्सिल किंवा खडू खाते का? खात असेल तर ‘कॅल्शियम कमी आहे म्हणून खाते’ असं म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा त्यामागे लोहाची कमतरता असते, तेव्हा हिमोग्लोबिन तपासा. गंमत अशी की दिवसाला अर्धा-पाऊण लिटर दूध पिणारी, त्यामुळे जेवायला नको म्हणणारी मुलंही माझ्याकडे येतात, आणि त्यांचंच हिमोग्लोबिन खाली गेलेलं असतं. त्यांच्या आया दुधाबद्दल अजिबात काळजीत नसतात.

पाय दुखण्याबद्दल. दोन्ही पायांच्या पोटऱ्या किंवा मांड्या संध्याकाळी-रात्री दुखतात, तेल लावून चोळलं की बरं वाटतं, आणि सकाळी पोरगी काही झालंच नाही अशी पळते, हे या वयात फार मुलांना होतं आणि त्याचा कॅल्शियमशी संबंध लावायची सहसा गरज नसते. दुखणं एकाच पायात असेल, सूज असेल, लंगडत असेल, ताप येत असेल किंवा सकाळीही दुखत असेल, तर थांबू नका. पाय धनुष्यासारखे वाकलेले वाटले, मनगटं जाड दिसली, उंची थबकली, साध्या पडण्याने हाड मोडलं, तरीही डॉक्टरांकडे जा. ते गरजेप्रमाणे रक्त तपासतील.

पंधरा दिवसांनी दुधाशी पुन्हा ओळख करून द्यायची असेल तर जरूर द्या, पण वेगळ्या रूपात. गाळलेलं, साय काढलेलं, फ्रीजमधलं गार दूध, संध्याकाळी खेळून आल्यावर, चहाच्या छोट्या कपात अर्धा कप. प्यायली तर ‘शाब्बास’चा गजर नको, नाही प्यायली तर कप उचलून ठेवायचा. मुलांना नवीन चव पटायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, म्हणून दुसऱ्याच दिवशी हार मानू नका. खीर, कढी, पनीरचा पराठा चालू ठेवा. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तसंच द्यावं असं घरात कुणी म्हणालं तर मात्र ऐकू नका. समोर काढलेलं असलं तरी ते उकळूनच, कारण कच्च्या दुधातून क्षयासारखे आजार येऊ शकतात.

आणि कुंडी. वरची चार बोटं माती काढून टाका, नवी घाला, आठवडाभर कडक उन्हात ठेवा आणि पाणी बेताचं द्या. मोगरा तग धरेल. वास जायला थोडे दिवस लागतील, तोवर गॅलरीचं दार लावून ठेवा.